करिष्माची अनामिका

२१ जुलै, रविवार

आज गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात गुरुजींनी माझ्या तबल्यावर हात ठेवला.

जसं घडलं तसं लिहून काढते. उद्यापर्यंत थांबले तर मीच त्याला मऊ करून टाकेन. प्रताप नगरच्या हॉलमध्ये दीडेकशे माणसं होती. माझं एकल वादन, वीस मिनिटांचं. पेशकार चांगला झाला, कायदाही. मग भरधाव बोलांचा रेला घेतला, लय दुप्पट केली आणि नेहमी जिथे अडकतं तिथेच अडकलं. धिरधिर या बोलावरून किटतकवर येतानाच्या सांध्यावर माझा डावा हात केसभर घाई करतो. ऐकणाऱ्यांत फार तर चार जणांना कळलं असेल. गुरुजी, मधुकरराव, शेजारीच बसले होते. त्यांनी हात लांब केला आणि पंजा उजव्या तबल्याच्या तोंडावर पालथा ठेवला. आवाज बंद.

"चौदा वर्षं झाली, तीच चूक," ते माईकमध्ये म्हणाले. "ऊठ. करिष्मा, तू बस."

करिष्मा सावनेरची, तेवीस वर्षांची. वडील कोळशाच्या खाणीत. तीन वर्षांपासून बसने क्लासला येते. ती माझ्या जागेवर बसली, माझ्याच तबल्यावर वाजवलं आणि तो सांधा ती सरळ पार करून गेली. टाळ्या पडल्या. गुरुजींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की जानेवारीच्या समारोहात एकल वादन करिष्मा करेल. ती जागा त्यांनी मला कबूल केली होती, मागच्या दिवाळीत.

 घरी आल्यावर माझा नवरा सुशील म्हणाला, "सोडून दे ना गोपिका. हॉस्पिटलची नोकरी आहे, घर आहे. काहून जीव जाळून राहिली?"

सोडणार नाही. मधुकररावांना सगळ्या क्लाससमोर मला विनवायला लावीन. आणि ती पोरगी जानेवारीत त्या मंचावर बसणार नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये. मी जेवले आहे, भांडी घासली आहेत आणि मग लिहायला बसले आहे.

२५ जुलै, गुरुवार

क्लासला गेले नाही. कोणाचा फोन नाही. चौदा वर्षांत मी तीनदा गैरहजर राहिले असेन.

दिवसभर धंतोलीतल्या हॉस्पिटलमध्ये कामावर. माझं काम लोकांच्या डोक्याला तारा लावायचं. केस बाजूला करून पेस्ट लावायची, तार चिकटवायची, मग डोळे मिटा, उघडा, जोरात श्वास घ्या. कागदावर रेघा येतात, त्या वाचतात मेंदूच्या डॉक्टर वंदना मॅडम. आज यवतमाळहून आलेल्या एका आजोबांच्या डोक्याला तारा लावताना मनात सारखा तो पंजा. पालथा, जाड, नखं कापलेला. आजोबा म्हणाले, बाई, जरा हळू.

८ ऑगस्ट, गुरुवार

आजचा दिवस महत्त्वाचा. वंदना मॅडमना वाजवणाऱ्यांच्या मेंदूवर अभ्यास करायचा आहे, त्यासाठी तबलेवाली म्हणून त्यांनी मला बसवलं. टेबलावर बोटांनी रेला वाजवून दाखव म्हणाल्या. वाजवला. तिथे अडकलं. पुढे गेले, मग पहिल्यापासून घेतला.

त्यांनी विचारलं, असं दिवसाला किती वेळा करतेस? म्हटलं चाळीस-पन्नास वेळा.

"मग तू चौदा वर्षं ती चूकच पाठ केलीस," त्या म्हणाल्या. "बरोबर काय न् चूक काय, ते हाताला कोण सांगणार? जे वारंवार होतं, तेच पक्कं होतं. ज्या वाटेने निरोप जास्त जातात त्या वाटेचं वेष्टण जाड होत जातं, मग निरोप आणखी सहज जातो. चुकीचासुद्धा."

मग त्या अर्धा तास बोलल्या. चहा गार झाला. मुरलेले वादक तासन् तास घासत नाहीत. चुकीच्या आधी थांबतात, तेवढाच सांधा सुटा काढतात आणि इतका हळू वाजवतात की चूक होऊच शकत नाही. थोडं वाजवून दहा सेकंद गप्प बसलं, तर त्या दहा सेकंदांत मेंदू तोच क्रम आपला आपण कितीतरी पट वेगाने परत परत फिरवतो. शिकणं त्या गप्प बसण्यात होतं. झोपेतही होतं. नुसतं मनात वाजवलं तरी हात हलवणारा भाग जागा होतो.

मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवत होतं ते एवढंच, की मधुकरराव चौदा वर्षं एकच शब्द बोलले. घास. कसं घासायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि घासून घासून जी चूक बसली तिच्यासाठी मला उठवलं.

शेवटी मॅडमनी एक व्हिडिओ दाखवला. सतार वाजवणारा एक माणूस, त्याचं बोट वाजवताना आपोआप आत वळतं. मेंदूत प्रत्येक बोटाची जागा वेगळी असते. थकलेल्या हाताने, न थांबता, एकाच हालचालीचा अतिरेक झाला तर काही जणांच्या बाबतीत शेजारच्या जागा एकमेकींत मिसळतात. दुखत नाही, म्हणून माणूस वाजवत राहतो. निस्तरायला वर्षं लागतात.

तो व्हिडिओ मी मॅडम गेल्यावर आणखी दोनदा पाहिला.

१८ ऑगस्ट, रविवार

नवा रियाझ. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास, बस. पूर्ण रेला वाजवायचाच नाही. फक्त सांधा: शेवटचा धिर आणि पहिला किट. लय इतकी कमी की सुशीलने दोनदा डोकावून पाहिलं, तबला बिघडला का म्हणून. चार वेळा वाजवायचं, हात मांडीवर ठेवायचे, दहा आकडे मोजायचे. मग कायद्याची एक ओळ, मग तुकडा, मग परत सांधा. एकच एक गोष्ट सलग नाही. मॅडम म्हणतात, असं मिसळून केलं की त्या वेळी वाईट जातं, पण टिकतं.

आज वाईटच गेलं. तरी दहा आकडे मोजताना बरं वाटतं. मी ते मधुकररावांच्या नावाने मोजते. म-धु-क-र-रा-व, आणि पुढचे चार नुसते श्वास.

१ सप्टेंबर, रविवार

सांधा सुटला. मधल्या लयीत सलग वीस वेळा, एकदाही घाई नाही. डावा हात जणू दुसऱ्या कोणाचा होता आणि आज घरी आला. दार लावून रडले थोडी. मग जानेवारीपर्यंतचे आठवडे मोजले. एकोणीस.

८ सप्टेंबर, रविवार

घरोघरी गणपती. दुपारी करिष्मा आली, न कळवता. हातात मोदकांचा डबा.

मी दारात उभी राहिले. तिनेच विचारलं, ताई, आत येऊ? आत आली, खाली बसली आणि लगेच डोळे भरून आले तिचे. त्या दिवशी माझ्या जागेवर बसावं लागलं याचं तिला वाईट वाटतंय म्हणे. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मग खरं काम निघालं. गुरुजींनी समारोहासाठी नवा रेला दिला आहे, चौपट लयीचा, आणि तो तिला बसत नाही.

"गुरुजी म्हणून राहिले, घास. पण कसं घासू ताई? मले कोणी सांगतच नाही. तुमच्याइतका मोकळा धिरधिर क्लासात कोणाचाच नाही. तुम्ही कसा बसवला, तेवढं सांगा."

चहा टाकायला म्हणून मी आत गेले. ओट्यापाशी उभी राहून विचार केला. नीट विचार केला, हे इथे लिहून ठेवते.

बाहेर येऊन सांगितलं, "पहाटे तीनला उठायचं. सहा तास बैठक. एकच बोल, पूर्ण वेगात. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की हात थंड पडतो. बोट आखडलं तर जोर वाढवायचा, सोडायचं नाही. चार महिने."

तिने सगळं वहीत लिहून घेतलं. 'थांबायचं नाही' खाली रेघ मारली. जाताना माझ्या पाया पडली.

१० सप्टेंबर, मंगळवार

मी खोटं काय सांगितलं? मला चौदा वर्षं हेच सांगितलं गेलं. त्यांचंच वाक्य मी त्यांच्या लाडकीला परत दिलं. मी माझ्या मनाचा एक शब्द घातलेला नाही.

चार महिने म्हटलं, तेवढा सोडून.

२९ सप्टेंबर, रविवार

करिष्माचा फोन. रोज पाच तास होतात, सहा नाही जमत म्हणून माफी मागत होती. आई ओरडते, शेजारी ओरडतात, म्हणून तबल्यावर चादर टाकून वाजवते. सुरुवातीला वेग वाढला होता. आता दोन-चार दिवसांपासून 'ना' हा बोल नीट लागत नाही. ना वाजवताना उजव्या हाताची अनामिका कातड्यावर हलकी टेकलेली राहावी लागते, त्याशिवाय तो आवाज खुलत नाही. तिची अनामिका टेकत नाही म्हणे, उचलून आत जाते.

मला माहीत होतं ते काय आहे. मैलभर अंतरावरून ओळखलं असतं.

"दुखतं का?" मी विचारलं.

"नाही ताई, दुखत काहीच नाही."

"मग चालू ठेव वं. बोट ऐकेनासं होतं, त्याच्या पुढेच बसतं."

फोन ठेवल्यावर भूक लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१४ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरीला वाजवाल का म्हणून कॉलनीतल्या चारुशीलाबाईंनी विचारलं, नाही म्हटलं. तयारी कोणाला दाखवायची नाही. गुरुजींचा चौपट रेला मी करिष्माकडून फोनवर ऐकून उतरवून घेतला आहे. ती भोळेपणाने म्हणून दाखवते. आता मी तो कामावर असताना मनात वाजवते. पेशंटच्या डोक्याला एकवीस तारा लावून होईपर्यंत तीन आवर्तनं.

संध्याकाळी वाजवताना एक नवी गोष्ट सापडली. किटचा आघात जरा सैल सोडला की पुढचा तक आपोआप उमटतो. त्याच्या मागे लागले आणि पाऊण तासाच्या जागी दीड तास झाला. त्या दीड तासात मधुकररावांची एकदाही आठवण आली नाही. दहा आकडेही नुसतेच मोजले.

हे लिहिताना आली.

३ नोव्हेंबर, रविवार

करिष्मा आईला घेऊन आली, दिवाळीचा फराळ घेऊन. मायाबाई. ठेंगणी, बोलकी बाई. पोरगी गुरुजींचं नाव घेत नाही, तुमचंच घेऊन राहते, म्हणाल्या. घरात कोणी विचारलं कोणाकडे शिकते, तर गोपिकाताईंकडे म्हणते. मला चकल्या द्यायला त्यांनी स्वतः डबा उघडला, कारण करिष्माला झाकण उघडता आलं नाही.

करिष्माने चहाचा कप डाव्या हाताने धरला. उजवा ओढणीखाली होता. ती हसत होती, झोप नसल्यासारखे डोळे. मी रियाझाचं विचारलं नाही.  सुशील मायाबाईंशी सावनेरच्या संत्र्यांबद्दल बोलत बसला आणि मी उठून उगाच पडदे सारखे केले.

त्या गेल्यावर सुशील म्हणाला, "त्या पोरीच्या हाताले काय झालं?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

मी आता सांगू शकते. सोमवारी घेऊन ये, मॅडमना दाखवू, असं. अजून फार उशीर झाला नसेल. जानेवारी दहा आठवड्यांवर आहे. बघू.

१७ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

आज तिचं नाव यादीत होतं. सकाळी अकराचं. सावनेरच्या डॉक्टरांनी धंतोलीत पाठवलं होतं, आणि मी इथे काम करते हे तिला ठाऊकच होतं. मला बघून तिला धीर आला. म्हणाली, बरं झालं ताई तुम्ही आहात.

हाताच्या नसांची तपासणी मीच करते. तिचा उजवा हात टेबलावर घेतला, स्पिरिटने पुसला, तारा लावल्या. पंधरा वर्षांच्या सवयीने लागतात त्या. नसा ठीक होत्या. ठीकच असणार होत्या. मग मॅडमनी तिला तबल्याची जोडी दिली. 'ना' वाजव म्हणाल्या. बोट तबल्याला लागायच्या आधीच आत वळलं, तळव्यात रुतलं. तिने डाव्या हाताने ते सरळ केलं. परत वाजवलं. परत वळलं.

मॅडमनी तिला सगळं समजावलं, मला सांगितलं होतं तसंच. थांबणं, झोप, हळू लय, बोटांच्या जागा. म्हणाल्या, बरं होऊ शकतं, पण पहिल्या दिवसासारखं शिकावं लागेल. वर्ष, कदाचित दोन. पूर्वीइतकं येईल याची खात्री मी देत नाही. मग विचारलं, "रोज पाच-सहा तास, न थांबता? हे तुला कोणी सांगितलं?"

मी तिच्या मनगटावरची चिकटपट्टी काढत होते.

करिष्माने माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. "कोणी नाही मॅडम. माझंच डोकं."

दुपारी जेवले नाही. रिपोर्टवर तिचं नाव दोनदा चुकीचं टाइप केलं.

१५ डिसेंबर, रविवार

गुरुजींनी क्लासला बोलावलं. गेले. सगळे विद्यार्थी ओळीने बसलेले, करिष्मा शेवटच्या रांगेत, हाताला पट्टी. मधुकरराव थकलेले दिसले. म्हणाले, करिष्माचा हात गेला, पोरीचं नशीब. समारोहवाल्यांना नाव द्यायचं आहे. मग सगळ्यांसमोर, "गोपिका, तू बसशील का? माझी लाज राख."

जुलैपासून मी हे वाक्य मनात ऐकत आले होते, रोज. त्यावर काय उत्तर द्यायचं तेही ठरलेलं होतं. नाही म्हणायचं, चपला घालायच्या, निघायचं.

मी हो म्हटलं. मला वाजवायचं होतं. त्या क्षणी बाकी काहीच नव्हतं डोक्यात.

चौपट रेला येतो म्हटलं, तेव्हा दाखव म्हणाले. वाजवला. ते बघत राहिले आणि म्हणाले, "बघा, याले म्हणतात घासणं." मग करिष्माला उद्देशून, "अशी मेहनत पाहिजे."

करिष्मा मान हलवत होती.

१२ जानेवारी, रविवार

झालं. पस्तीस मिनिटं. एकही सांधा कुठे आहे ते कोणाला कळलं नाही, मलाही नाही. चौपट लयीत समेवर आले तेव्हा लोक उठून उभे राहिले. मधुकररावांनी डोक्यावर हात ठेवला. तोच हात. मला काही वाटलं नाही, ना राग ना समाधान. समोर दुसऱ्या रांगेत करिष्मा होती. उजव्या हाताला पट्टी, टाळ्या वाजवता येत नव्हत्या म्हणून डाव्या हाताने गुडघ्यावर थाप देत होती.

बाहेर पायऱ्यांवर तिला बाजूला घेतलं. सांगून टाकलं. सप्टेंबरपासूनचं सगळं, व्हिडिओसुद्धा. किती वेळ बोलले माहीत नाही.

तिने ऐकून घेतलं. रडली नाही. "मले त्या दिवशीच कळलं, ताई," ती म्हणाली. "मॅडम सांगून राहिल्या होत्या, तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. मी पहिल्यांदा ऐकून राहिली होती ते. तुम्ही पहिल्यांदा नव्हत्या ऐकत."

मी विचारलं, मग मॅडमना का नाही सांगितलंस?

"सांगून बोट सरळ झालं असतं का?"

मग तिने सांगितलं काय करायचं ते. अगदी शांतपणे, बसचं टाइमटेबल सांगावं तसं. दर रविवारी ती दहाला येणार. मी शिकवायचं, खरं शिकवायचं. आणि तिची अनामिका जागेवर बसेपर्यंत मी मंचावर बसायचं नाही.

"नाही ऐकलं तर?"

"तर काही नाही," ती म्हणाली. "मी कुठं काही म्हणून राहिली?"

किती मोठं मन आहे त्या मुलीचं. दुसरी कोणी असती तर तिथेच ओरडून सगळं नाट्यगृह गोळा केलं असतं. मला एवढ्यावर सोडलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सहावा रविवार. ती बरोब्बर दहाला येते. मॅडमनी सांगितलेली प्लास्टिकची पट्टी मधल्या बोटाला लावते, अनामिका मोकळी ठेवते. एक ना. हात मांडीवर. दहा आकडे. परत एक ना. पाऊण तासात जेमतेम साठ वेळा. मी आधी वाजवून दाखवायचं, मग तिने. मी वाजवते तेव्हा ती माझ्या बोटांकडे बघत नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघते.

सुशील म्हणतो, तू हल्ली स्वतःचं काही वाजवतच नाहीस. खरं आहे. रविवारच्या आधी दोन दिवस हात जड वाटतो.

आज तिला सांगितलं, अमरावतीहून फोन आला होता. जानेवारीचं वादन कोणीतरी ऐकलं, मार्चमध्ये बोलावलं आहे. अजून उत्तर दिलेलं नाही.

करिष्माने मान वर केली नाही. "जा ना ताई," म्हणाली. "मी पण येते. समोरच बसते. लोक विचारतीलच, हाताले काय झालं. सांगीन."

ती गंमत करत होती का, मला कळलं नाही.  तिच्यासमोरच फोन उचलला आणि अमरावतीला नाही म्हणून कळवलं. तब्येतीचं कारण दिलं.

तोवर तिने ना वाजवला होता. अनामिका टेकलेली राहिली. मग आणखी एक, तोही स्वच्छ, पूर्ण खुललेला. सलग पाच झाले. आजवर तीनच्या पुढे गेले नव्हते. सहाव्याला बोट वळलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच पुढचा बोल दाखवायला घेतला, 'ती' आणि 'ना' दोन्ही, जरा चढ्या लयीत.

करिष्माने हात लांब केला आणि माझ्या तबल्यावर ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून घेतलं.